पाहुण्यांना पान लागलं

चहा तेवढा पिऊन घ्या अगोदर. मी सांगाले लागलो का तुम्ही हसणार, अन तोंडातला चहा येणार माझ्या धोतरावर. मागच्या खेपेले तसंच झालं होतं.

गोष्ट माझीच आहे अन फजितीही माझीच. दुसऱ्याची असती तं एवढ्या सवडीनं सांगतली नसती.

तं झालं असं का आमच्या वैशूची सोयरीक जुळून राह्यली होती. वैशू म्हणजे माझी नात, माझ्या गजाननाची पोरगी. पुण्याले नोकरीले आहे. तिथलाच एक पोरगा, रोहित त्याचं नाव, दोघं एकाच ठिकाणी कामाले. त्या दोघांचं ठरलेलं होतं. राह्यलं होतं ते फक्त घरच्यांनी हो म्हणाचं. आमचं हो होतं. पोराच्या मायचंही हो होतं. अडलं होतं बापाचं. भास्करराव त्याईचं नाव. पिढ्यान पिढ्या पुण्याचे. त्याईचं म्हणणं, "एवढ्या लांबची माणसं, आपल्याला त्यांचं काही कळत नाही, त्यांना आपलं काही कळत नाही."

आता वाटते, माणूस खरंच बोलला होता.

पहिले असे कार्यक्रम घरी होत. पाहुणे येत, पोहे खात, पोरीले दोन गोष्टी विचारत. आता म्हणे हॉटेलात भेटतात. मी गजाननाले म्हटलं, "काऊन रे? आपल्या अमडापूरच्या घराले काय झालं?"

"घराले काही नाही झालं, आबा. तुमच्या बैलाले झालं. दारातच बांधता तुम्ही त्याले."

"मंग तो काय सोयरीक मोडते?"

"मागच्या पाहुण्याची टोपी कोणं खाल्ली?"

टोपी खाल्ली होती, खरं आहे.

मंग ठरलं खामगाव. गावाबाहेर नवीन हॉटेल झालं. नाव नका विचारू, मले वाचता येत नाही. निघाच्या वेळी सूनबाई माझ्यासमोर हात जोडून उभी राह्यली. सुनंदा चांगली आहे, पण धाकात ठेवते.

"आबा, एकच सांगते. तिथं तोंड उघडू नका. जेवाले उघडा. बोलाले नका उघडू."

"बरं बाई."

"त्या दिवशी त्या चुलतसासऱ्याले तुम्ही विचारलं, दात खरे का बसवलेले."

"मंग, बसवलेलेच निघाले ना?"

"आबा!"

"बरं बाई."

हॉटेल पाह्यलं अन मी दारातच थबकलो. हॉटेल म्हणजे मले काय वाटलं होतं? चार भिंती, पंखा, बाकडं, भजे. इथं तं निरा जंगल! मोठं गवत लावलेलं, बांबूचं बेट, पाण्याचं टाकं, त्याच्या काठानं दगडं रचलेले, अन मधामधात गवताच्या झोपड्या. त्या झोपड्यात म्हणे लोक पैसे देऊन जेवतात. अरे बाप्पा! आमच्या आज्यानं झोपडीतून निघाले जन्म घालवला, अन हे लोक मोटार घेऊन झोपडीत येऊन राह्यले!

पण मले भेव वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दिवेलागणीची वेळ. ओलं गवत, दगडाच्या कपारी, बांबू. शेतकऱ्याच्या डोळ्याले अशी जागा दिसली का तो पहिले काय पाहते? पायाखाली पाहते. ही जनावराची जागा.

जनावर म्हणजे कोणतं, ते समजून घ्या. आमच्या मायनं लहानपणीच शिकवलं, त्याचं नाव घेऊ नाही. नाव घेतलं का त्याले वाटते आपल्याले बलावलं. म्हणून आम्ही जनावर म्हणतो, लांबडं म्हणतो. अन ते कोणाले डसलं तं डसलं असंही म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतो. अमक्याले पान लागलं, एवढं कानावर आलं का गाव उठते. कोणी बाज आणते, कोणी गाडी काढते, बाया रडाले लागतात. आयाबायाच्या तोंडून हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकले, पण हसत बोललेले कधी ऐकले नाही.

आता पुढे ऐका.

गजानन आम्हाले उतरवून पेढे आणाले बाजारात गेला. वैशू अन रोहित बोलत बोलत दूरच्या झोपडीकडे गेले. सुनंदा अन पोराची माय, मंगलताई, कारंज्यापाशी फोटो काढाले गेल्या. गवतावर खुर्च्या टाकून राह्यलो दोघंच. मी अन भास्करराव.

माणूस गोरा, कडक इस्त्री, पायात चमकते नवे बूट. मी तोंड उघडत नव्हतो, अन ते काही विचारत नव्हते. जेवणाचं काय सांगतलं तेही त्याईनंच सांगतलं. एक कोटवाला आला होता, मालकानं पुण्याहून आणलेला, वाढप्यायवर देखरेख करणारा. त्याच्याशी ते खुसुखुसू बोलले. माझं ध्यान नव्हतं. माझे डोळे बांबूच्या बेटात.

बाजूच्या झोपडीत एक कुटुंब जेवत होतं. त्यातला माणूस मले पाहून म्हणे, "सलाम चाचा. कुठचे?"

मान हलवून कसं चालते? मी हळूच म्हटलं, "अमडापूर. तुम्ही?"

"जळगाव जामोद. केळीचा धंदा आहे. हमीद नाव."

आपल्याकडचा माणूस भेटला. माझ्या जिवाले जरा थारा झाला.

तेवढ्यात भास्करराव उठले. "हात धुऊन येतो," म्हणे, अन गेले कुठं? त्या बांबूच्या बेटामागं! मले सांगावं वाटलं, साहेब, आवाज करत जा, पाय आपटत जा. पण सूनबाईचे जोडलेले हात डोळ्यापुढे आले. मी तोंड उघडलं अन तसंच मिटलं. मासोळीसारखं.

लय वेळ झाला. माणूस येईना. मी मान उंच करून पाहाले लागलो.

अन मंग आले. लंगडत आले! एक पाय आपटून, एक पाय उचलून, दात आवळून. खुर्चीत बसले अन घोट्यापाशी हात दाबून धरला.

राहवलं नाही मले. म्हटलं, "काय झालं साहेब?"

"काही नाही हो. चावलंय जरा."

मी खुर्ची त्याईच्याकडे सरकवली. "कुठं?"

"इथं, टाचेवर. होईल बरं. सकाळपासून दुसऱ्यांदा चावतोय."

सकाळपासून दुसऱ्यांदा! अन माणूस रुमालानं तोंड पुसून राह्यला! पुण्याचं काळीज पाह्यलं मी त्या दिवशी.

तरी मी मनाले समजावलं. मुंगळा असन. गांधीलमाशी असन. म्हाताऱ्या, सगळीकडे तुले तेच दिसते. अन बरोबर त्याच वेळी तो कोटवाला आमच्यासाठी राखलेल्या झोपडीच्या दारात आला, अन खुल्या आवाजात ओरडला, "चला! पाहुण्यांना पान लागलं!"

मित्रहो, माझ्या हातातला पाण्याचा गिलास गवतात पडला.

आता मले काय येते? लिहाले येत नाही, वाचाले येत नाही. पण हे येते. आमच्या गावच्या, दवाखान्याच्या आशाताईनं पारावर सगळ्याले बसवून शिकवलेलं आहे. पान लागलं का माणसाले चालू द्याचं नाही. पाय हलू द्याचा नाही. करकचून बांधाचं नाही, मांत्रिकाकडे न्याचं नाही. धीर द्याचा, अन सरळ सरकारी दवाखाना.

भास्करराव उठाले लागले. मी खुर्चीवरून सरळ गवतात बसलो अन त्याईचा पाय दोन्ही हातानं कवटाळला.

"अहो! हे काय करताय?"

"हलू नका साहेब. तुम्हाले पान लागलं."

"हो, ऐकलं मी! म्हणूनच तर उठतोय!"

"उठाचं नाही! अजिबात उठाचं नाही!"

"अहो पण गार होईल!"

म्हटलं, याले समजते, आपण गार होणार आहो. मी धीर देत म्हटलं, "नाही होणार. मी तुम्हाले गार होऊ देणार नाही. झोप येऊन राह्यली का?"

"येतेय थोडी. रात्रभर प्रवास केलाय."

"पापण्या जड झाल्या?"

"झाल्यात की. पण त्याचं काय…"

चढलं! डोळ्यावर आलं! मी त्या कोटवाल्याले हाक मारली, "अरे बापू, पान लागलं ना रे!"

तो हसत आला. हसत! "हो आजोबा, लागलं. पहिला मान पाहुण्यांचा."

"अन तू दात काढतं?"

"घाई नका करू. आता तुम्हालाही लागेल."

"मले?"

"सगळ्यांनाच लागणार. एकेक करून. मी स्वतः लावतोय ना!"

आता तुम्हीच सांगा! असा माणूस पाह्यला का कुठं? माझ्या डोळ्यापुढे त्याच्या हातात गारुड्याचा पेटारा दिसाले लागला. मी पाय आणखी घट्ट धरला, अन सूनबाई विसरलो, सोयरीक विसरलो, लहानपणी वावरात लांडगा दिसल्यावर ओरडलो होतो तसा ओरडलो, "धावा रे धावा! पाहुण्याले पान लागलं!"

अन मंग काय झालं, सांगू? त्या अख्ख्या बागेचे दोन भाग झाले. जे बाहेरचे होते ते जेवतच राह्यले. कोणी म्हणे, "लागलं तर बसा की जेवायला!" अन जे आपल्याकडचे होते, ते ताटावरून उठले!

पहिले आले हमीदभाई, खरकट्या हातानं. "या अल्ला! चाचा, कोणाले?"

"याईले! पुण्याच्या पाहुण्याले!"

"गाडी काढतो. पाय नका हलू देऊ!"

कारंज्याकडून सुनंदा आली. मले वाटलं, आता मले खाते. पण तिनं 'पान' ऐकलं होतं. ती माझ्यापेक्षा जोरानं किंचाळली, "अगं माय! सोयऱ्याले? कुठं लागलं आबा?"

"टाचेवर. दुसऱ्यांदा!"

तिनं पदर तोंडात धरला अन रडाले लागली. मागून आल्या मंगलताई. "काय झालं? ओरडताय कशाला?"

सुनंदा त्याईच्या गळ्यातच पडली. "ताई, धीर धरा. साहेबाले पान लागलं."

"अगोबाई, मग मलाही लागू दे की. बरोबरच बसू."

सुनंदानं माझ्याकडे पाह्यलं. मी तिच्याकडे पाह्यलं. दोघांच्याही मनात एकच. बाई सती निघाली!

भास्करराव आता लाल झाले होते. "सोडा हो पाय! माझं पान वाया चाललंय तिकडे! कोणी सांगा रे यांना!"

"बडबडून राह्यले," हमीदभाई हळूच म्हणे. "डोक्यात गेलं, चाचा. उचला."

त्यानं खांद्याखाली हात घातला, मी पाय धरलेलेच होते. आम्ही उचललं. इस्त्रीचा माणूस आडवा लोंबकाळून राह्यला. तो कोटवाला आडवा आला, "अहो, काय चाललंय काय हे? साहेबांना झालंय तरी काय?"

"सांगतलं ना, पान लागलं!"

"अहो ते मीच सांगितलं!"

"मंग समजत काऊन नाही तुले?"

"काय समजायचं?"

आता आली का पंचाईत! एका शब्दाचं काम होतं. अन तोच शब्द दिवेलागणीले, गवतात, बांबूपाशी उभं राहून तोंडातून काढाचा! माय आठवली. पण इकडे माणसाचा जीव जाऊन राह्यला होता. मी डोळे मिटले, मायची माफी मांगतली, अन जन्मात पहिल्यांदा, मोठ्यानं बोललो, "साप! साप डसला याईले!"

बाप्पा बाप्पा! जे 'पान' ऐकून जेवत होते, ते 'साप' ऐकून टेबलावर चढले. लेकरं बापाच्या डोक्यावर. एक जाडजूड गृहस्थ खुर्चीवर चढला तं खुर्चीच खाली बसली. कोटवाला पाण्याच्या टाक्याच्या काठावर चढला, अन तिथं दगडाच्या कपारी आहेत हे आठवून पाण्यात उतरला.

पण सगळ्यात जास्त कोण घाबरलं असन? खुद्द भास्करराव! तवापर्यंत तो एकटाच माणूस शांत होता. आता त्याईचे डोळे पांढरे झाले.

"साप? मला?"

"हाव साहेब."

"अरे देवा! म्हणजे तेव्हा ते… तरीच एवढं ठणकतंय! तरीच पापण्या… मंगल! मंगल, माझ्या चुकांची क्षमा कर!"

मंगलताई मटकन खाली बसल्या. वैशू अन रोहित पळत आले. रोहित म्हणे, "बाबा! बाबा, डोळे मिटू नका!" भास्कररावानं माझा हात धरला अन रडत रडत म्हणे, "आजोबा, पोरांचं लग्न करून द्या. माझी हरकत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही जगा साहेब. लग्नाचं नंतर पाहू."

हमीदभाईनं त्याईले खाली टेकवलं अन म्हटलं, "दवाखान्यात विचारतीन, डाग कसा आहे. एक डाव पाहून घेऊ." त्यानं मोबाईलचा उजेड लावला. बूट काढला. मोजा काढला. आम्ही सगळे श्वास धरून वाकलो.

टाचेवर एक फोड होता. गोल, फुगीर, बोराएवढा.

हमीदभाईनं तो पाह्यला. मंग बूट पाह्यला. मंग माझ्याकडे पाह्यलं. "चाचा, याचे दात कुठं आहेत?"

भास्करराव उठून बसले. टाच पाह्यली, बूट पाह्यला. हळूच म्हणे, "बूट चावतोय म्हणत होतो मी. नवा आहे."

"बूट?" मी म्हटलं. "मंग हा मघापासून काय ओरडून राह्यला? पाहुण्याले पान लागलं म्हणून?"

पाण्यातून कोटवाल्यानं हात लांब केला, झोपडीकडे. तिथं टेबलावर हिरवंगार केळीचं पान मांडलेलं. त्यावर भात, वरण, तूप, कोशिंबीर, सगळं आपापल्या जागी. अन त्याच्या तोंडातून रडका आवाज निघाला, "हे पान! जेवायचं पान!"

हमीदभाई कपाळाले हात लावून म्हणे, "अन ते पानही माझ्याच दुकानातून आलं, चाचा."

टेबलावरचे लोक एकेक करून खाली उतरले. सुनंदा माझ्याकडे पाहून राह्यली होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं. वैशूच्या डोळ्यात पाणी. मले वाटलं, आता खरंच कोणाले तरी पान लागावं, अन ते मले लागावं. पोरीचं एवढं जुळलेलं, अन मी म्हाताऱ्यानं भर बागेत तिच्या सासऱ्याची मयत काढली!

तेवढ्यात आला गजानन. हातात पेढ्याचे डबे. त्यानं काय पाह्यलं? बायको रडून राह्यली, पोरगी रडून राह्यली, होणारी विहीण जमिनीवर, कोटवाला टाक्यात, अन बाप गवतात बसून भास्कररावाचा पाय धरून!

हाव, पाय मी अजून सोडला नव्हता. ध्यानातच नव्हतं.

गजाननानं काही विचारलं नाही. पेढे फेकले, पळत आला, अन भास्कररावाचा दुसरा पाय धरला. "साहेब! माझ्या बापाचं काही चुकलं असन तं मले जोडे मारा, पण सोयरीक मोडू नका!"

भास्करराव पाहाले लागले. एका पायाले बाप, एका पायाले लेक. त्याईचे ओठ हलले, मले वाटलं आता शिव्या देते. पण पोटच हलाले लागलं. माणूस असा हसला, असा हसला का डोळ्यातून धारा.

"अहो उठा! मुलीकडच्यांनी पाय धरायचे दिवस गेले! एक तरी सोडा, जेवायला जायचंय मला!"

मंग मंगलताई हसल्या. मंग वैशू. रोहित हळूच म्हणे, "बाबा, तुम्ही मघाशी म्हणालात, हरकत नाही."

"ते मरताना म्हणालो होतो."

"मरणाऱ्याचा शब्द मोडत नाहीत," मंगलताई म्हणे.

सोयरीक ठरली, तिथंच, गवतात सांडलेले पेढे पुसून खाऊन. हमीदभाईलेही बसवलं. भास्कररावानं एकच अट घातली, लग्नातलं जेवण ताटात पाहिजे.

अन मंग आम्ही सगळे झोपडीत जेवाले बसलो. सगळ्याईच्या पुढे आलं, फक्त माझ्यापुढे आलं नव्हतं. तो कोटवाला आला, पॅन्ट निथळत. त्याच्या हातात माझं होतं. माझ्यापाशी थांबला. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. मंग माझ्या कानाशी वाकला अन अगदी हळू, जसं आमची माय त्या जनावराबद्दल बोले तसं म्हणे, "आजोबा… तुम्हाला… ते लागलं."

मी पहिले दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मंगच टेबलाकडे पाह्यलं.